विहिरीचं पाणी आणि आठ पेले

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा समितीचा निरोप आला आणि दोन रविवार कागद पुढ्यात घेऊन बसलो. गॅदरिंग, कवायत, हेडसरांची छडी यांवर बाकीचे लिहितीलच. मला मात्र दर वेळी गणिताच्या बाईच आठवल्या. कोणत्या बाई, हे आपल्या शाळेच्या माणसाला सांगायला नको.

1987 चा पावसाळा, नववी ब. मधल्या सुट्टीत टाकीपाशी मी फुशारकी मारली, की मागच्या विहिरीचं पाणी मी डोळे मिटून ओळखतो; नळाच्या पाण्याला लोखंडाची चव येते. वाद रुपयाच्या पैजेवर गेला आणि नेमक्या बाई तिथून चालल्या होत्या. मला वाटलं, आता कान धरणार. त्या म्हणाल्या, "पैज नको. परीक्षा घेऊ."

दुसऱ्या दिवशी शिपाईमामांनी स्टीलचे आठ पेले आणले. दोन्ही घागरी बाईंनी सकाळपासून वर्गातच ठेवल्या होत्या, कारण विहिरीचं पाणी गार असतं आणि मला चव ओळखायची होती, गारवा नव्हे. चार पेल्यांत विहिरीचं, चारांत नळाचं. कुठल्यात काय, ते मामांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं आणि कागद खिशात घातला. बाईंनाही ठाऊक नव्हतं. याला डबल ब्लाइंड म्हणतात हे मला पुढे दहा वर्षांनी कळलं.

मला पेल्यांना हात लावू देण्याआधी बाईंनी फळ्यावर लिहिलं : 'याला काहीही ओळखता येत नाही, असं धरून चालू.' वर्ग हसला, माझा चेहरा उतरला. मग त्यांनी विचारलं, किती बरोबर आले तर याच्यावर विश्वास ठेवायचा? आठांतून चार पेले निवडायच्या तऱ्हा 70. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता 70 मध्ये 1, म्हणजे दीड टक्काही नाही. एक जोडी, म्हणजे एक विहिरीचा आणि एक नळाचा पेला, चुकून सहा बरोबर येण्याच्या तऱ्हा 16. त्यात ती सगळी बरोबर येण्याची एक मिळवली की 70 पैकी 17, जवळजवळ 24 टक्के. "शंभरात पाचाहून जास्त वेळा आंधळेपणाने जमेल ते मी मानणार नाही," असं म्हणून बाईंनी 'आठही' हा शब्द चौकटीत घातला.

माझे सहा बरोबर आले.

मी हुज्जत घातली. आठांत सहा म्हणजे पंचाहत्तर टक्के, डिस्टिंक्शन! बाई म्हणाल्या, "नियम आधी ठरला. निकाल बघून तो हलवायचा नाही." आणि माझ्या बाकावरच्या पडसं झालेल्या मुलाला उठवलं. त्याला त्या दिवशी लोणच्याचीही चव कळली नसती. मामांनी पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या, त्याने नाक ओढत वाटेल ते पेले दाखवले. त्याचेही सहा! चार अंदाजपंचेवाल्यांत सरासरी एखाद्याला जमतं, ते त्याला पहिल्याच फटक्यात जमलं.

मी रागाने वहीत लिहिलं, 'मला ओळखता येत नाही हे सिद्ध झालं.' बाईंनी लाल पेनाने खोडलं आणि लिहिलं, 'सिद्ध झालं नाही. पुरावा कमी पडला.' मग त्यांनी फिशर या संख्याशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली : इंग्लंडात रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात एक शैवालतज्ज्ञ बाई म्हणाल्या, कपात दूध आधी घातलं की चहा, ते मला चवीवरून कळतं, तिथेही आठच कप मांडले होते. विसात एक, म्हणजे शंभरात पाच, ही सोयीची रेघ फिशरने 1925 साली सुचवली. ती सोयीची आहे, देवाने आखलेली नाही, असं बाई दोनदा म्हणाल्या. हे नववीच्या पोर्शनमध्ये कुठेच नव्हतं.

आज मी औषधांच्या चाचण्यांचं संख्याशास्त्र बघतो. हाताखाली अकरा जण आहेत, सगळे माझ्याहून हुशार. तरी दर वर्षी एखादा नवा मुलगा येऊन सांगतो, "सर, पी-मूल्य 0.03 आलं, म्हणजे औषध लागू पडण्याची शक्यता 97 टक्के." मी त्याला पडशाच्या मुलाची गोष्ट सांगतो. औषध निकामी आहे असं धरलं, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसायची शक्यता तीन टक्के. पी-मूल्य एवढंच सांगतं. औषध किती चांगलं, हे ते सांगत नाही. रुग्ण हजारोंनी घेतले तर रक्तदाबातला एका रेघेचा फरकही 'सार्थक', म्हणजे नुसता योगायोग न मानण्याजोगा, ठरतो, आणि रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला 2016 साली पी-मूल्याच्या गैरसमजांवर निवेदन काढावं लागलं. ते वाचताना मला लाल पेन दिसत होतं. माझ्या खोलीतल्या फळ्यावरची चौकटही त्याच पेल्यांची. सार्थकतेची पातळी आकडे उघडण्याआधी तिथे लिहिली जाते, मग कुणी कितीही गयावया करो. रेघ 0.05 ची असताना 0.051 आल्यावर लोक काय काय गयावया करतात, ते एकदा बघायला या.

एक राहून गेलं. त्या दिवशी बाई म्हणाल्या होत्या, "एका वेळेवर काही ठरत नाही. पाऊस सरला, विहीर निवळली की पुन्हा करू." मग सहामाही आली, दहावी आली, आणि मीही आठवण केली नाही. पाण्याला खरंच वेगळी चव होती असं मला अजून वाटतं.

मध्यंतरी शाळेत जाऊन आलो. विहीर बुजवून वर फरशा घातल्यात, तिथे सायकली लागतात. बाईंना फोन करून सांगितलं. ऐकायला कमी येतं त्यांना, मोठ्याने बोलावं लागतं.

"सहाच ना रे आले होते तुझे?" त्या म्हणाल्या.