चारशे सीसीचा प्रश्न : जुनी एफआर-एस ठेवावी की जीआर८६ घ्यावी?

माझ्याकडे २०१३ सालची सायन एफआर-एस आहे. टोयोटा आणि सुबारू यांनी मिळून घडवलेली ही छोटी, मागच्या चाकांवर चालणारी गाडी जपानमध्ये ८६ या नावाने, सुबारूकडून बीआरझेड या नावाने आणि अमेरिकेत टोयोटाच्याच सायन या ब्रँडखाली विकली गेली. सायन ब्रँड २०१६ मध्ये बंद झाला, तरी गाडी टोयोटा ८६ या नावाने विकली जात राहिली, आणि २०२१ मध्ये तिची दुसरी पिढी जीआर८६ या नावाने जाहीर झाली. तेव्हापासून पहिल्या पिढीच्या मालकांमध्ये एकच चर्चा चालू आहे : जुनी देऊन नवी घ्यावी का? मी बरेच दिवस ‘नको’ म्हणणाऱ्यांच्या गटात होतो. आता मी बदलायच्या बाजूला आलो आहे, मात्र त्यामागचे कारण एकच आहे आणि ते जाहिरातीतल्या कारणांपेक्षा वेगळे आहे.

ते कारण इंजिनाचे आहे. जुन्या गाडीतल्या दोन लिटरच्या बॉक्सर (आडव्या सिलिंडरांच्या) इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८६ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या हालचालीची लांबी, तीही ८६ मिलिमीटर. गाडीच्या नावाशी जुळणारा हा आकडा सांगताना आम्हा मालकांना उगीचच अभिमान वाटतो. त्यातून ७,००० आरपीएमला २०० अश्वशक्ती मिळते, आणि टर्बोची मदत न घेता दोन लिटरमधून एवढी शक्ती काढणे ही साधी गोष्ट नव्हे. अडचण मधल्या पट्ट्यात आहे. २०५ न्यूटन मीटर हा सर्वाधिक टॉर्क (इंजिनाचा ओढण्याचा जोर) साडेसहा हजारांच्या आसपास येतो, आणि साधारण साडेतीन ते साडेचार हजार आरपीएमच्या दरम्यान टॉर्कचा आलेख चक्क खाली बसतो. कागदावर ही एक छोटी खळगी दिसते. रस्त्यावर ती कशी जाणवते, हे सांगण्यासाठी मी राहतो त्या भागातला, कॅलिफोर्नियातल्या सॅराटोगा गावातून डोंगरमाथ्यावरच्या स्कायलाइन रस्त्यापर्यंत चढणारा हायवे ९ पुरेसा आहे. हा शुद्ध घाटरस्ता आहे. दोन्ही बाजूंना उंच झाडे, वळणे आखूड आणि चढ अखंड. तिसऱ्या गियरमध्ये वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला, की गाडी क्षणभर पुढे सरकते, मग सुस्तावते, आणि काटा पाच हजारांकडे झुकू लागल्यावर पुन्हा जागी होते. दुसरा गियर टाकावा तर पुढचे वळण येईपर्यंत तो संपतो. म्हणजे ज्या वेगाने या रस्त्यावर गाडी चालवणे शहाणपणाचे आणि आनंदाचेही आहे, नेमक्या त्याच वेगाला इंजिन त्या खळगीत सापडते.

यावर उपाय नाही असे नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जोड) बदलून आणि ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे, प्रोग्रॅमिंग नव्याने करून ही खळगी बरीचशी भरून काढता येते, आणि इतर अनेक राज्यांतले मालक ते बिनदिक्कत करतात. कॅलिफोर्नियात मात्र हा मार्ग अरुंद आहे. या इंजिनाचा धूर शुद्ध करणारा पहिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मॅनिफोल्डमध्येच आहे, त्यामुळे मॅनिफोल्डला हात लावणे म्हणजे थेट प्रदूषण नियंत्रणाला हात लावणे. राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा मान्यता क्रमांक नसलेला भाग बसवला, तर स्मॉग (धुराच्या प्रदूषणाच्या) तपासणीत तंत्रज्ञ नुसत्या नजरेने गाडी नापास करू शकतो. त्यात जुलै २०२१ पासून तपासणीच्या वेळी ईसीयूचे सॉफ्टवेअर मूळचे आहे की बदललेले, हेही पाहिले जाते. ‘तपासणीपुरते जुने भाग परत बसवू’ असे सांगणारे लोक भेटतात, पण एवढ्या छोट्या आनंदासाठी दर दोन वर्षांनी हा लपंडाव खेळण्याची माझी तयारी नाही. मान्यता असलेला सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा ढकलणारे यंत्र) बसवणे हा एक सरळ मार्ग उरतो. त्याला काही हजार डॉलर लागतात, आणि बारा वर्षांच्या इंजिनावर तो नवा भार टाकण्यात मला अर्थ दिसत नाही.

नव्या गाडीत बोअर ८६ वरून ९४ मिलिमीटरवर गेला, स्ट्रोक तोच राहिला, आणि इंजिन १,९९८ सीसीवरून २,३८७ सीसीवर पोहोचले. या सुमारे चारशे सीसीने शक्ती २०० वरून २२८ अश्वशक्तीवर नेली, हा आकडा जाहिरातीत ठळक छापतात; पण माझ्या मते खरा आकडा दुसराच आहे. सुमारे २५० न्यूटन मीटरचा सर्वाधिक टॉर्क आता ३,७०० आरपीएमलाच मिळतो. जिथे जुन्या इंजिनाचा आलेख खाली बसत होता, तिथेच नव्याचा शिखरावर आहे. मी मॅन्युअल गियरची नवी गाडी चालवून पाहिली, तेव्हा ओळखीच्या चढावर सवयीने डावा पाय क्लचकडे गेला आणि गियर बदलण्याची गरजच नसल्याने तसाच परत आला. गाडी वेगवान आहे, यापेक्षा ती कोणत्याही क्षणी उत्तर द्यायला तयार आहे, हे मला अधिक महत्त्वाचे वाटले. एवढे करून वजन फक्त २५ किलोच्या आसपास वाढले आहे, कारण छत आणि पुढचे फेंडर आता ॲल्युमिनियमचे आहेत. पिढी बदलली की गाडी फुगते, या आजच्या रिवाजात ही गोष्ट दुर्मीळ म्हणावी लागेल.

आता जुन्या गाडीची बाजू. ती मी हलक्यात घेत नाही. पहिल्या पिढीचे मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांनी आकड्यांपेक्षा चालवणाऱ्याच्या हाताला आणि कमरेला काय जाणवते याला महत्त्व दिले, आणि त्यातूनच त्या गाडीला मुद्दाम अरुंद, कमी पकडीचे टायर आले. २१५ मिलिमीटर रुंदीच्या त्या मिशेलिन प्रायमसीला ‘प्रियसचा टायर’ (टोयोटाच्या काटकसरी हायब्रिड गाडीचा) म्हणून लोकांनी भरपूर हिणवले. परंतु टायरांची पकड लवकर सुटते म्हणजे गाडी कमी वेगालाच बोलू लागते, आणि वेगमर्यादेच्या आत राहूनही तिच्याशी खेळता येते. नव्या गाडीच्या प्रीमियम आवृत्तीत १८ इंची चाके आणि पायलट स्पोर्ट ४ टायर येतात. त्यांची पकड इतकी चांगली आहे, की सार्वजनिक रस्त्यावर त्यांची हद्द शोधणे हा वेडेपणा ठरेल. माझ्या ओळखीचे काही जण याच मुद्द्यावर जुनी गाडी सोडत नाहीत. सुदैवाने नव्या गाडीच्या मूळ आवृत्तीत १७ इंची चाके आणि तोच प्रायमसी टायर आहे, आणि तीच आवृत्ती स्वस्तही आहे. जास्त पैसे देऊन कमी मजा विकत घेण्याचा हा प्रसंग टाळण्यासारखा आहे.

आतल्या गोष्टींबाबत माझे मन जुन्या गाडीतच रमते, हे लिहून टाकतो. माझ्या एफआर-एसच्या स्टिअरिंगवर एकही बटण नाही. आवाज वाढवायचा तर हात पुढे करून खरीखुरी गोल चकती फिरवायची, बाकी स्टिअरिंगचे काम गाडी वळवणे आणि हॉर्न वाजवणे एवढेच. समोर मधोमध आरपीएमचा काटा आहे आणि तो खरा काटा आहे. नव्या गाडीत त्याच्या जागी सात इंची पडदा आहे, स्टिअरिंगवर बटणे आहेत, आणि इंजिनाचा आवाज स्पीकरमधून वाढवून ऐकवला जातो. हा शेवटचा प्रकार मला पटत नाही. जुन्या गाडीत इंजिनाचा आवाज एका नळीने आत आणला होता. तीही युक्तीच, पण आवाज निदान खरा होता. तरीही या तक्रारींवरून निर्णय घेणे म्हणजे घराच्या रंगावरून पायाची पारख करण्यासारखे आहे. नव्या गाडीच्या सांगाड्याची पिळाला विरोध करण्याची क्षमता सुमारे ५० टक्क्यांनी वाढल्याचे टोयोटा सांगते, आणि खडबडीत वळणात पुढची चाके जे सांगतात ते नव्या गाडीत हातापर्यंत अधिक स्वच्छ पोहोचते, हे मला चालवताना जाणवले.

भरवशाच्या बाबतीत दोन्ही पिढ्यांची काही ना काही कहाणी आहे. सुरुवातीच्या वर्षांत बनलेल्या एफआर-एस आणि बीआरझेड नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हॉल्व्हच्या स्प्रिंगसाठी परत बोलावल्या गेल्या. स्प्रिंग ही लहानशी वस्तू, पण बॉक्सर इंजिनात दोन्ही हेड आडव्या दिशेने गाडीच्या बाजूंना असल्याने ती बदलायला अख्खे इंजिन खाली उतरवावे लागते, आणि दुरुस्तीनंतर काही इंजिने निकामी झाल्याचीही उदाहरणे नोंदली गेली. माझ्या गाडीचे हे काम झालेले आहे आणि इंजिन उत्तम चालते आहे. नव्या गाडीत वेगळीच काळजी आहे. इंजिन जोडताना लावलेल्या सीलंटचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत सापडल्याचे अनेक मालकांनी ऑइल पॅन उघडून दाखवले आहे. ट्रॅकवर लांबलचक उजव्या वळणात ऑइलचा दाब घसरत असल्याचेही मोजून दाखवले गेले आहे. घाटरस्त्यावर दुसरी अडचण येत नाही, कारण तिथे एवढे लांब आणि एवढ्या वेगाचे वळणच नसते. पहिलीबाबत मात्र मी निर्धास्त नाही. टोयोटा या गाडीबरोबर नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशनचे एका वर्षाचे सदस्यत्व आणि ट्रॅकवरचा एक दिवस मोफत देते. तो दिवस वापरण्याआधी ऑइल पॅन उघडून पाहावा, असे माझे मत झाले आहे.

पैशाचा हिशेब मात्र बहुतेक लोक चुकीच्या टोकाकडून मांडतात. दोन गाड्यांच्या किमतींतला फरक एवढाच खर्च, असे ते धरून चालतात. कॅलिफोर्नियात जुनी गाडी डीलरला देऊन नवी घेतली, तरी विक्रीकर नव्या गाडीच्या पूर्ण किमतीवर लागतो. न्यू जर्सी किंवा टेक्सासमधल्या वाचकांचा अनुभव वेगळा असेल, कारण तिथे जुन्या गाडीची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवर कर बसतो. उदाहरणादाखल, नवी गाडी ३०,००० डॉलरची, जुनीचे १०,००० आणि कर ९ टक्के धरला, तर इथे २,७०० डॉलर कर भरावा लागेल आणि वजावट देणाऱ्या राज्यात त्याच दराने १,८००. याचा अर्थ असा, की डीलरकडे अदलाबदल करण्यात इतर राज्यांत जो कराचा लाभ असतो तो इथे शून्य आहे, आणि सोय सोडली तर जुनी गाडी त्याला देण्याचे दुसरे कारण उरत नाही. खाजगीत विकताना स्मॉग प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची असते. विक्री झाल्यावर पाच दिवसांच्या आत डीएमव्हीला (राज्याच्या वाहन खात्याला) मालकी सोडल्याची सूचना द्यावी लागते, नाहीतर नव्या मालकाच्या पार्किंगच्या दंडाची पत्रे आपल्याच घरी येत राहतात. हा उपद्व्याप करण्यासारखा आहे, विशेषतः जिला कुणी छेडछाड केलेली नाही अशी मूळ स्थितीतली पहिल्या पिढीची गाडी असेल तर. कारण या गाड्यांपैकी पुष्कळ गाड्यांचे आतापर्यंत काही ना काही बदलून झालेले आहे.

पेट्रोलही थोडे जास्त लागेल. सरकारी चाचणीत जुन्या मॅन्युअल गाडीला सरासरी २५ मैल प्रति गॅलन मिळतात आणि नवीला २२, शिवाय दोघींनाही महागडे प्रीमियम पेट्रोलच पाजावे लागते. वर्षाकाठी मी जेवढे मैल चालवतो तेवढ्यात हा फरक जाणवण्यासारखा नाही. विम्याचा हप्ता वाढेल, ते उघडच आहे.

आईला पुण्याला फोनवर हे सगळे सांगितले, तेव्हा तिने विचारले, “अरे, चालती गाडी विकून पुन्हा तीच गाडी कशाला घेतोस?” तिच्या दृष्टीने प्रश्न रास्त आहे. आमच्या लहानपणी कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी फियाट पुढे प्रीमियर पद्मिनी झाली तरी मूळची तीच राहिली. गाडीची ‘पुढची पिढी’ नावाची काही गोष्ट असते, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. गाडी बदलायची ती मोडल्यावर, असा तो काळ होता. माझी गाडी मोडलेली नाही, आणि नुसती ती जुनी झाली म्हणून मी तिला हात लावला नसता. दुसऱ्या पिढीत फक्त पडदे आणि दिवे बदलले असते, तर हा लेख लिहायचीही वेळ आली नसती. ज्या रस्त्यावर मी खरोखर गाडी चालवतो, तिथे इंजिन कमी पडते, ती उणीव कायदा पाळून स्वस्तात भरून काढता येत नाही, आणि नव्या इंजिनाने ती नेमकी त्याच ठिकाणी भरून काढली आहे. सायकलसारखी हलकी, पण चढावर दमणारी गाडी मी पुष्कळ वर्षे आवडीने चालवली. तीच गाडी न दमता मिळत असेल, तर ‘नको’ म्हणण्याचा हट्ट मला धरवत नाही.

हेच कारण लागू नसलेल्यांनी मात्र थांबावे, असे मी म्हणेन. ज्यांचा बहुतेक प्रवास सपाट फ्रीवेवर होतो त्यांना या खळगीची गाठ क्वचितच पडते. ज्यांच्या राज्यात तपासणीचा जाच नाही ते नव्या गाडीच्या किमतीच्या छोट्याशा अंशात जुनी गाडी सुधारू शकतात. आणि २०१७ किंवा त्यानंतरची मॅन्युअल गाडी ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या इंजिनाला २०५ अश्वशक्ती आणि थोडा आखूड फायनल ड्राइव्ह (चाकांकडे जाणारा शेवटचा गियर) मिळालेला असल्याने चढावर त्यांची माझ्याइतकी अडचण होत नाही.

माझे ठरले आहे ते असे : मूळ आवृत्ती, मॅन्युअल गियर, १७ इंची चाके, आणि छापील किमतीच्या वर एक डॉलरही नाही. डीलरने वरकड रक्कम मागितली, तर मी पुढच्या वर्षापर्यंत थांबेन, कारण जुनी गाडी दारात उभी आहे आणि ती चालते आहे. तिची स्मॉग तपासणी आधी करून घेईन. प्रमाणपत्र ९० दिवस चालते, तेवढ्या मुदतीत गिऱ्हाईक मिळायला हरकत नाही.