जुन्या स्पीकरमध्ये आधी काय बदलायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. "जुना एआर-३ए (अमेरिकेच्या अकूस्टिक रिसर्च, म्हणजे एआर कंपनीचा स्पीकर) मिळालाय, बेस फाटतोय. क्रॉसओव्हरमध्ये (आवाज जाड, मध्यम, बारीक असा वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये) भारी कपॅसिटर टाकले तर सुधारेल का?" नाही सुधारणार. आधी पुढची जाळी काढा आणि १२ इंची वूफरच्या (जाड आवाज काढणाऱ्या भागाच्या) कडेच्या फोमला बोट लावून बघा. चुरा बोटाला चिकटला, तर बाकी सगळं नंतर.

हा पॉलियुरेथेन फोम हवेतल्या ओलाव्याने तुटत जातो, स्पीकर वाजवा की न वाजवा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत नुसता झाकून ठेवलेला जोडही यातून सुटत नाही.

नवा फोम घेताना मात्र जपा. एआरचे एक संस्थापक एडगर विल्चर यांनी १९५४ च्या एआर-१ मध्ये जी कल्पना आणली, तिच्यात कोनाला (वूफरच्या हलणाऱ्या कागदी पडद्याला) मागे खेचणारी स्प्रिंग म्हणजे बंद पेटीतली हवा. फोमने फक्त कोन मधोमध धरायचा आणि हवा अडवायची. एआर-३ए त्याच घराण्यातला. मापात बसला म्हणून जाड, ताठ फोम लावलात, तर खालचा बेसच जाईल. याच मॉडेलसाठी बनवलेला मऊ फोम शोधा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

वूफर काढण्याआधी तारांचा धन-ऋण लिहून ठेवा. जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ करा, पण कागदी कोन भिजवू नका. पांढरा पीव्हीए गोंद उत्तम, कारण तो सरकवायला वेळ देतो. फोम आधी कोनाला चिकटवा, वाळू द्या, मग चौकटीला. हा दुसरा टप्पा खरा नाजूक: गोंद ओला असताना ३० हर्ट्झचा सूर अगदी हळू वाजवा आणि घासल्याचा आवाज थांबेपर्यंत कोन तसूभर इकडेतिकडे करा. कोनामागची तारेची कॉइल तिरकी राहिली, तर ती कायमची घासत राहते. २४ तास हात लावू नका.

वूफर परत बसवताना खालची पुट्टी नवी घाला. कोन हलकेच दाबून सोडा: सावकाश वर आला तर पेटी हवाबंद, झटकन आला तर कुठेतरी गळती आहे. आतली काचलोकर होती तेवढीच परत भरा, हातमोजे आणि मास्क घालून.

मिडरेंज (मधला आवाज) किंवा ट्वीटर (बारीक आवाज) गप्प असेल, तर दोष बहुधा मागच्या दोन पॉटमध्ये, म्हणजे त्यांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या बटणांमध्ये असतो. त्यांच्यावर गंज चढतो. उघडून बारीक स्टील वूलने घासा.

आता कपॅसिटर. मूळ मापं १५०, ५० आणि ६ मायक्रोफॅरड. मोजा, आणि सरकले असतील तरच बदला. १५० ला नॉन-पोलर (धन-ऋण बाजू नसलेला) इलेक्ट्रोलिटिक पुरे, ६ ला फिल्म प्रकारचा. मापं मात्र तीच ठेवा. 'सुधारणा' म्हणून आकडे बदलले की वूफर, मिडरेंज आणि ट्वीटर या तिन्ही ड्रायव्हरचा मेळ बिघडतो.

आणि हे सगळं करताना ट्वीटरवर पुठ्ठ्याची टोपी ठेवा. त्याच्या केसासारख्या तारा समोरच उघड्या असतात, स्क्रूड्रायव्हर घसरला की तुटतात.