पायाचं बीपी

मला शुगर होऊन बरीच वर्षं झाली. डोळे, किडनी, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) हे दरवर्षीचं ठरलेलं. पायाच्या रक्तवाहिन्यांकडे मात्र कुणी बघितलं नव्हतं. यंदा सांगलीतल्या आमच्या नव्या डॉक्टरांनी तळव्याला नायलॉनची तार टेकवून संवेदना पाहिली, पावलावरची नाडी चाचपली आणि म्हणाल्या, "बाई, एबीआय, म्हणजे घोट्याच्या आणि दंडाच्या बीपीची तुलना, करून घ्या."

"पण मला काही दुखत नाही. रोज आमराईत फेऱ्या मारते की!"

त्या म्हणाल्या, चालताना पोटरीत गोळे येतात आणि थांबलं की जातात, ही पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याच्या आजाराची नेहमीची खूण. पण पुष्कळांना ती जाणवतच नाही. त्यात मधुमेहाने नसा बधिर झाल्या असतील तर दुखणं कळणार कसं?

तपासणी साधी आहे. आधी थोडा वेळ उताणं पडून राहायचं. मग दोन्ही दंडांचं आणि दोन्ही घोट्यांचं बीपी घेतात. घोट्याजवळ जेली लावून पेन्सिलीएवढा डॉप्लर (रक्ताचा प्रवाह ऐकवणारं यंत्र) धरला की रक्ताचा शूं-शूं आवाज येतो. पट्टा फुगवला की तो बंद पडायला हवा. माझ्या डाव्या पायाचा पडेना. दोनशेच्या पुढे काटा गेला तरी शूं-शूं चालूच. तिथली मुलगी म्हणाली, "काकू, तुमचं प्रेशर फारच चांगलं आहे!"

घोट्याचा आकडा भागिले दंडाचा आकडा, म्हणजे २१० भागिले १३८. रिपोर्टवर १.५२ आणि खाली शेरा, 'अडथळा आढळला नाही'.

डॉक्टरांनी तो शेरा वाचून कपाळाला हात लावला. ०.९ किंवा त्याखाली आलं तर रक्तवाहिनी अरुंद आहे, एक ते १.४ ठीक. १.४ च्या वर गेलं तर मात्र आनंद मानायचा नाही. मधुमेहात रक्तवाहिनीच्या भिंतीत कॅल्शियम साठतं, ती उन्हात वाळलेल्या पाइपासारखी कडक होते आणि पट्ट्याने दबतच नाही. मग आकडा फुगतो आणि आतला अडथळा झाकला जातो. पायाच्या अंगठ्यातल्या बारीक वाहिन्या सहसा यातून सुटतात, म्हणून तिथलं प्रेशर बघायचं.

ती सोय आमच्याकडे नव्हती, मिरजेला गेलो. अंगठ्याला अंगठीएवढा पट्टा आणि पुढे सेन्सर. एसीने पाय गार पडले की आकडा खोटा कमी येतो, म्हणून तिथल्या सिस्टरनी आधी पायांवर ब्लँकेट घातलं. डाव्या अंगठ्याचं प्रेशर ८२ आलं, म्हणजे दंडाच्या १३८ ने भागून ०.५९. ते ०.७ च्या वर हवं. कलर डॉप्लरमध्ये (रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीत) गुडघ्याखाली अरुंदपणा दिसला.

जखम नाही, दुखणं नाही, म्हणून अँजिओप्लास्टीचा विषय निघाला नाही. कोलेस्टेरॉलची गोळी दहावरून चाळीसवर गेली, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सत्तरच्या खाली आणायचं ठरलं. पायात सापडलं म्हणजे हृदयाच्या आणि मेंदूच्या वाहिन्यांनाही धोका, म्हणून ईसीजी, इको झालं. चालणं चालूच ठेवायचं. अनवाणी प्रदक्षिणा बंद (हे मला जड गेलं), गरम पाण्यात पाय सोडून बसणं बंद, आणि रोज रात्री तळवे आरशात बघायचे.

तो 'अडथळा नाही'चा शेरा वाचून किती जण निर्धास्त घरी गेले असतील, याचा मला अजून राग येतो. आकडा १.४ च्या वर असेल तर अंगठ्याची तपासणी मागून घ्या.

नणंदेला शुगर आहेच, वर मशेरीही. पुढच्या आठवड्यात तिला घेऊन मिरजेला जातेय. मशेरीचं नाव काढलं की ती अजून विषय बदलते, पण तपासणीला हो म्हणालीय.