तुम्ही विचारलंत म्हणून: मुख्य कंत्राटदार का नेमला नाही?

"एवढं सगळं अंगावर घेण्यापेक्षा पूर्ण काम एकाच कंत्राटदाराला का दिलं नाही?" आमचा छोटा जलविद्युत प्रकल्प सुरू झाल्यापासून हे इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच नीट सांगतो.

50 मीटर हेड, म्हणजे पाणी पडण्याची उंची, आणि सेकंदाला 1 घनमीटर पाणी. कार्यक्षमता 80 टक्के धरली तर 390 किलोवॅटच्या आसपास वीज. एवढ्या कामाची डिझाइनपासून चाचणीपर्यंत जबाबदारी घेणारा जो आकडा सांगतो, त्यात जोखमीचीही किंमत असते: खोदताना काय लागेल, यंत्रं कधी पोचतील. मी तेव्हा त्या सगळ्याला सरसकट नफा म्हणत होतो. तो वाचवायला बांधकाम, पेनस्टॉक (टर्बाइनपर्यंत पाणी आणणारा दाबाचा पाइप), टर्बाइन-जनरेटर आणि वीज नियंत्रणाची पॅनेल अशी चार कामं चौघांना दिली. मधली जुळवणी माझी.

चौघंही आपापल्या कामात चोख होते. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकलं की लोक लगेच त्यांच्यातलाच कुणीतरी दोषी ठरवतात.

यंत्राच्या काँक्रीटच्या पायात सहसा बोल्टसाठी खळगे मोकळे सोडतात, यंत्र जागेवर ठेवून रेषेत आणतात आणि मग बोल्टभोवती न आकसणारा ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरतात. मला दिवस वाचवायचे होते. पत्र्याचा साचा करून बोल्ट थेट काँक्रीटमध्येच धरायचे, असं मी ठरवलं. त्याच आठवड्यात टर्बाइनवाल्यांचं सुधारित ड्रॉइंग आलं. जनरेटरकडचे बोल्ट 35 मिलिमीटर सरकले होते. केबलचा मार्ग बदलणार म्हणून मी ते पॅनेलवाल्यांना लगेच पाठवलं. साइटवर द्यायचं राहिलं.

क्रेनला लटकलेली बेडप्लेट, म्हणजे टर्बाइन आणि जनरेटर ज्यावर बसतात ती प्लेट, हळूहळू खाली आली. टर्बाइनकडचे बोल्ट भोकांत शिरले, जनरेटरकडचे प्लेटला खालून टेकले. मी मिस्त्रीला सगळ्यांसमोर वाटेल ते बोललो. त्यानं टेप लावला, परत लावला. मग शेडमध्ये जाऊन भिंतीवरचं ड्रॉइंग काढून आणलं. त्यावर सिमेंटच्या बोटांचे ठसे होते आणि कोपऱ्यात जुना रिव्हिजन क्रमांक. "साहेब, यात आहे तसंच बसवलंय." संध्याकाळी मी त्याची माफी मागितली, पण शेडमध्ये, दोघंच असताना.

भोकं मोठी करायला टर्बाइनवाल्यांनी नकार दिला, आणि बरोबरच केलं. डिझायनरनं पायाचा तेवढा भाग सळया न कापता फोडायला लावला. नऊ दिवस ब्रेकर चालला. मग नवं काँक्रीट आणि त्याला पुरेशी ताकद येईपर्यंत वाट पाहणं. एकच कंत्राटदार असता तर हा खर्च त्याच्या खिशातून गेला असता. इथे कुणाला बिल लावणार? ड्रॉइंग माझ्याकडे पडून होतं.

तरी कंत्राटदार असता तर हे घडलंच नसतं, असं म्हणाल तर मला पटणार नाही. त्याच्या भिंतीवरही जुनं ड्रॉइंग राहू शकतं, फक्त ते मला कधी कळलं नसतं. आज पेनस्टॉकच्या प्रत्येक जोडाचा रिपोर्ट माझ्याकडे आहे. नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबानं घेतलेल्या चाचणीत कोणत्या फ्लँजमधून पाणी झिरपलं होतं ते मी स्वतः पाहिलंय. हे सगळं मला हवंच होतं. पण फक्त ड्रॉइंगचा हिशेब ठेवणारा, जुनी प्रत हातात घेतल्याशिवाय नवी न देणारा एक पूर्णवेळ माणूसही हवा होता. तो पगार मला तेव्हा जास्त वाटला.

"मग पैसे वाचले का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. फोडलेलं काँक्रीट, क्रेनचं जादा भाडं आणि उशिरा सुरू झालेली वीज धरूनही थोडे वाचतात. त्यात माझी अडीच वर्षं धरली की वाचत नाहीत. ती धरायची की नाही, यावर माझं स्वतःशीच अजून जमलेलं नाही.