आमची वाटचाल : रंगकामाकडून ओलीकडे

वडिलांचा धंदा रंगकामाचा. बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथली मराठी घरं म्हणजे त्यांची हक्काची गिऱ्हाइकं. दिवाळी आली की तीच भिंत खरवडायची, पुट्टी भरायची, रंग मारायचा आणि पुढच्या श्रावणात पुन्हा पोपडे. धंदा म्हणून उत्तमच. गिऱ्हाईक न बोलावता परत येतं!

२०११ साली कारभार माझ्याकडे आला तेव्हा मी ठरवलं, पाणी कुठून येतंय हे कळल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही. वडील म्हणाले, "मग ब्रश कोरडाच राहील." सुरुवातीला राहिलाही.

नाव झालं ते प्रतापगंजातल्या एका तळघरामुळे. फरशी ओली, तुळयांना बुरशी, ट्रंकेतल्या पैठण्यांना कुबट वास. भिंतींचं वॉटरप्रूफिंग दोनदा झालेलं. काकू रोज सकाळी जोत्यातले झरोके सताड उघडायच्या, "हवा खेळू दे" म्हणून. आम्ही दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा फरशीवर चारही बाजूंनी टेपने चिकटवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या खाली थेंब दिसते तर ओल जमिनीतली. पण खाली कोरडं, थेंब सगळे वर. पाणी हवेतलं होतं. बाहेर ३२ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असली की साधारण २८ अंशांहून गार असलेल्या कशावरही पाणी धरतं, आणि तळघराची फरशी तेवढी गार असतेच. पावसाळ्यापुरते झरोके बंद ठेवायला सांगितले, आत एक डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र, बसवला. "एवढ्याचे पैसे घेणार?" काकूंनी विचारलं. घेतले.

अमेरिकेत लाकडी घरांखाली माणूस रांगत जाईल एवढीच पोकळी असते. तिलाही पूर्वी झरोके ठेवत. दमट उन्हाळ्यात त्यांतूनच ओल आत येते हे लक्षात आल्यावर आता बरेच जण जमिनीवर जाड पॉलिथिन अंथरून पोकळी बंदच करतात. तिथे घराच्या लाकडी फरशीला खालून लावलेलं ग्लासवूल, म्हणजे उष्णता अडवायची काचतंतूंची गादी, भिजून लोंबतं. आपल्याकडे ते फॉल्स सीलिंगवर कोंबतात आणि वरची गच्ची गळकी! भिजलेलं ग्लासवूल उष्णता अडवत नाही, पाणी मात्र धरून ठेवतं. म्हणून आम्ही आधी गळती काढतो, मग गच्चीवरच एक्सपीएसचे, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या कडक फोमचे बोर्ड, त्यावर कोबा आणि पांढरं चायना मोझेक, म्हणजे फरशीचे तुकडे.

जुन्या चुन्यातल्या भिंतींचं दुखणं निराळं. जोत्यात ओलरोधक थर नसतो, त्यामुळे जमिनीतलं पाणी विटांतून चढतं. लोणा लागला की लोक कमरेइतकं सिमेंट प्लास्टर मारून घेतात. मग ओल आत कोंडते आणि प्लास्टरच्या वरून डोकं काढते. आम्ही ते सिमेंट फोडून पुन्हा चुना करतो. चुन्याचा हात असलेला कारागीर शोधणं हेच आता सगळ्यात अवघड काम झालंय.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी घरांत शिरली, आणि दिवाळीपूर्वी रंग हवा म्हणून फोनवर फोन. पुरात भिजलेली नऊ इंची भिंत वाळायला महिने लागतात. सगळ्यांना नाही म्हटलं. काही जण दुसरीकडे गेले, त्यातले थोडे उन्हाळ्यात परत आले.

लेखी हमी देतो, पुराच्या पाण्याची सोडून. पाहणीला मात्र भर पावसाळ्यात बोलवा. मे महिन्यात सगळीच घरं कोरडी दिसतात.