इतवारीच्या फलाटावरचा डबा

मंगळवार आणि शुक्रवार. १९७८ च्या जूनपासून १९८१ च्या मार्चपर्यंत मी नागपूरला आपल्या शाळेत होतो, आठवी ते दहावी, आणि त्या तीन वर्षांत आठवड्यातले हे दोन दिवस माझ्यासाठी बाकीच्या दिवसांसारखे नव्हते. या दोन दिवशी भिवापूरहून माझा डबा यायचा.

आमच्या गावच्या शाळेत सातवीपुढे वर्ग नव्हते. वडिलांनी नागपूर ठरवलं. महालात एका जुन्या वाड्याच्या माडीवरची खोली मिळाली. त्या खोलीत आम्ही तिघं राहायचो. एक कुहीचा, एक चिमूरचा आणि मी. एकमेकांना नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. गावाच्या नावानंच बोलवायचं. वर्गातही तेच झालं. "अबे भिवापूर, पुस्तक आणलं का?" असं कुणी ओरडलं की मी मान वळवायचो. गावाच्या नावानं हाक आली की परक्या शहरातही थोडं घरी असल्यासारखं वाटायचं. भात आम्ही खोलीवर वातीच्या स्टोवर शिजवायचो. तांदूळ महिन्याचा एकदम यायचा. मातीच्या तेलासाठी रांगेत कोण उभं राहणार, यावरून आमची आठवड्यातून एकदा तरी जुंपायची. भाकरी आणि कोरड्यास मात्र प्रत्येकाला आपापल्या घरून यायचं.

माझा डबा नॅरोगेजनं यायचा. नागभीडहून भिवापूर, उमरेड, कुही करत इतवारीला येणारी ती अडीच फुटी रुळांची गाडी आता राहिली नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात ती बंद झाली, रूळ मोठे करण्यासाठी. आमच्या भागातली मिरची, दूध, भाजीपाला, दवाखान्याला निघालेली माणसं, कोर्टाच्या तारखा, सगळं तिच्यातून नागपूरला यायचं. त्याच गाडीनं आमच्या गावची मिरचीवाली मावशी आठवड्यातून दोनदा इतवारीला माल घेऊन यायची. भिवापुरी मिरचीला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे, बातमी वाचली तेव्हा मला तिची पोतीच डोळ्यांपुढे आली. माझा डबा त्या पोत्यांवर ठेवलेला असायचा, फडक्यात बांधलेला, मिरचीच्या वासानं भरलेला.

डबा जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, दोन कप्प्यांचा, कडीचा. झाकणावर वडिलांनी खिळ्यानं ठोकून ठिपक्या-ठिपक्यांनी 'भिवापूर' लिहिलं होतं. वरच्या कप्प्यात वांग्याची नाहीतर लाखोळीच्या डाळीची कोरडी भाजी, जवसाची चटणी, लाल मिरचीचा ठेचा. खालच्या कप्प्यात ज्वारीच्या भाकरी. थंडीत भाकरी तीन दिवस टिकायच्या. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी दुपारीच आंबूस वास यायचा, म्हणून मार्च लागला की आई भाकरीऐवजी दुधात मळलेल्या दशम्या पाठवायची. आईला लिहिता येत नव्हतं. घरचं सगळं मला डब्यातून कळायचं. ठेच्यात फल्लीचा कूट कमी असला की समजायचं, यंदा हात आखडता आहे. भाजीत तेलाचा तवंग दिसला की मिरची चांगल्या भावानं गेली. मीही डबा रिकामा परत करायचो नाही. थंडीत संत्री स्वस्त झाली की दोन संत्री, एरवी गांधीसागराच्या काठावरून घेतलेले फुटाणे. धाकट्या बहिणीला ते पुरायचे.

खालच्या कप्प्यात मात्र सगळ्यात वर दोन भाकरी वेगळ्या, पानात गुंडाळलेल्या असायच्या. त्या मावशीच्या.

याची एक गोष्ट आहे आणि ती मला लिहिलीच पाहिजे. मावशी गावाच्या टोकाच्या वस्तीवरची. पहिल्याच महिन्यात गावातल्या एका मोठ्या माणसानं आईला टोकलं, "तिच्या हातून पोराचं जेवण कायले पाठवतेस?" आई त्याला काहीच बोलली नाही. पुढच्या मंगळवारपासून डब्यात दोन भाकरी जास्त यायला लागल्या. मला निरोप आला तो मावशीकडूनच. "तुही माय म्हणे, दोघं बसून खाजा." आम्ही फलाटाच्या शेवटच्या बाकावर बसून खायचो. ती ठेचा बोटानं पुसून घ्यायची आणि म्हणायची, "तुह्या मायच्या हाताला मीठ बरोबर लागते." मग पोती मोजून हमालाच्या डोक्यावर द्यायची, आणि मी डबा घेऊन पळत सुटायचो.

पळण्याचं कारण होतं. शाळा अकराची. गाडी वेळेवर आली तर सगळं व्यवस्थित व्हायचं. पण ती वेळेवर येणं विरळाच. स्टेशनातून निघून मस्कासाथ, मग किराणा ओळ, सराफा ओळ (बाजाराच्या रस्त्याला आपल्या नागपुरात ओळच म्हणतात), तिथून बडकस चौकाच्या दिशेनं महाल. हातगाड्या, छकडे, सायकली, मधेच आडवी उभी गाय. डबा छातीशी धरून मी त्या गर्दीतून वाट काढायचो आणि बऱ्याचदा घंटा झाल्यानंतरच फाटकात शिरायचो. आपले शिपाईकाका फाटकावर असायचे. ते डबा माझ्या हातातून घेऊन आपल्या स्टुलाखाली ठेवायचे आणि म्हणायचे, "जाय लवकर." तीन वर्षांत त्यांनी मला कधी थांबवून विचारलं नाही की उशीर का झाला.

पहिला तास गणिताच्या सरांचा. तेच वर्गशिक्षक. मी दारात उभा राहायचो, ते फळ्यावरून न वळता डाव्या हातानं आत ये अशी खूण करायचे. बस्स.

एक दिवस मात्र मी वाटेतच साफ अडकलो. तो १९७९ चा पोळा. तिसऱ्या दिवशी चाचणी होती म्हणून वडिलांनी निरोप धाडला, सणाला येऊ नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, म्हणजे ईडा-पिडा घालवायला मारबतीच्या मूर्तीची मिरवणूक निघते त्या दिवशी, आईनं पुरणपोळ्यांचा डबा पाठवला. शाळेला सुट्टी होती, पण सरांनी दहा-बारा जणांना दुपारी जादा तासाला बोलावलं होतं. मी डबा घेऊन स्टेशनातून निघालो आणि शहीद चौकाकडच्या गर्दीत सापडलो. नागपूरकरांना मारबत सांगायला नको. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. पण गावाकडून आलेल्या तेरा वर्षांच्या पोरानं ती उंच, माणसांच्या डोक्यांवर डुलत येणारी काळी मूर्ती पहिल्यांदा पाहिली की काय होतं, हे मी सांगू शकतो. ढोल छातीत वाजत होते. "ईडा पिडा घेऊन जाय गे मारबत" हा गजर चारी बाजूंनी येत होता. त्यामागे बडगे, म्हणजे मिरवणुकीतले पुतळे, कुणी महागाईचा, कुणी लाचखोरीचा. पाय जमिनीला टेकत नव्हते. डबा डोक्यावर धरला होता, एक धक्का बसला आणि तो हातातून सुटला.

मी किंचाळलो असेन. कुणीतरी ओरडलं, "पोट्ट्याचा डब्बा पडला बे!" आणि पुढे जे झालं ते मी आजही डोळे मिटून पाहू शकतो. डबा खालून वर आला. एका गुलाल माखलेल्या हातात, तिथून दुसऱ्या, तिथून ढोलवाल्याच्या. त्यानं एका हातानं ढोल धरून दुसऱ्या हातानं तो पुढे दिला. माणसांच्या डोक्यांवरून, हातोहात, डबा माझ्यापर्यंत परत आला. कडी निघाली नव्हती. एका बाजूला मोठा पोचा पडला होता. एका दुकानदारानं मला बखोटीला धरून आपल्या ओट्यावर ओढून घेतलं, आणि मिरवणूक जाईपर्यंत मी तिथंच डबा मांडीवर घेऊन बसलो. जादा तास बुडाला. संध्याकाळी त्या पोळ्यांचे तुकडे आम्ही तिघांनी आणि मालकीणआजींनी तूप घालून खाल्ले. दुसऱ्या दिवशी मी सरांना खरं ते सांगितलं. सर म्हणाले, "पोळ्या वाचल्या ना?" आणि मधल्या सुट्टीत बसून कालचा सगळा भाग मला एकट्याला पुन्हा शिकवला.

आता त्या मालकीणआजींबद्दल. दसऱ्याला मावशी आपल्या घरच्यांना घेऊन दीक्षाभूमीवर यायची. पहिल्या वर्षी मी तिला आग्रहानं खोलीवर आणलं. आजींनी तिला पायरीवरच बसवलं आणि पाणी वरून ओंजळीत घातलं. मला काय करावं ते कळलं नाही. मी काही बोललो नाही, याचं आजही वाईट वाटतं. मावशी पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि माझं मनगट धरून म्हणाली, "चाल, तुले दाखवतो." त्या दिवशी मी दीक्षाभूमी पाहिली. आजचा स्तूप तेव्हा नव्हता, तो २००१ साली पूर्ण झाला. मैदानात जिकडे पाहावं तिकडे पांढरी लुगडी, पांढरे सदरे. रस्त्याच्या कडेला चुली मांडलेल्या, पुस्तकांची दुकानं, आणि ती पुस्तकं विकत घेणारी, खांद्यावर गाठोडं असलेली माणसं. चालता चालता मावशी सांगत होती, "छप्पन साली मी आली होती. एवढीशी होती. माय म्हणे पांढरं लुगडं पाहिजे, तर घरात नोतं. धोतर फाडून मले नेसवलं." १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस मी पुढे पुस्तकात वाचला. माझ्यासाठी तो आजही त्या फाडलेल्या धोतराचा दिवस आहे.

तिनं त्या दिवशी मला एक पेन घेऊन दिला. दहावीचे सगळे पेपर मी त्याच पेनानं लिहिले.

पुढच्या दसऱ्याला मावशी खोलीवर आली नाही, मीही आग्रह केला नाही. संध्याकाळी आजी माडीवर आल्या, इकडे-तिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझी ती मावशी नाही आली रे यंदा?" तिसऱ्या वर्षी आली, तेव्हा आजींनी आतून पाट आणला आणि कपात चहा दिला. दोघी मिरची कशी वाळवावी यावर अर्धा तास बोलत बसल्या.

नागपूरच्या बाकी गोष्टी कितीतरी आहेत. महाराजबागेतला वाघ, डिसेंबरात अधिवेशन भरलं की बर्डीवर मोर्चे पाहायला पळणं, मे महिन्यात वाळ्याच्या पडद्याजवळ जागा मिळावी म्हणून होणारी भांडणं, परीक्षेच्या पहाटे टेकडीच्या गणपतीला पायी जाणं. त्या माझ्या बरोबरीच्या मित्रांनी लिहाव्यात, त्यांच्या त्या अधिक आहेत. मला एकच सांगायचं आहे.

दहावीच्या निरोप समारंभाच्या दिवशी वर्गाच्या मॉनिटरनं मला बाजूला घेतलं. "भिवापूर, मंगळवारी अन् शुक्रवारी सर हजेरी तासाच्या शेवटी काहून घेत, तुले मालूम आहे का?" मला मालूम नव्हतं. मी वर्गात शिरायचो तेव्हा हजेरी व्हायची राहिलेली असायची, इतकंच मला ठाऊक होतं. सर रोजच शेवटी घेतात असं मी धरून चाललो होतो. बाकीच्या दिवशी मी इतका आधी येऊन पुस्तकात डोकं घातलेलं असायचं की हजेरी कधी झाली याकडे कधी लक्षच गेलं नाही. मॉनिटर म्हणाला, आठवीच्या दिवाळीपासून असं चालू आहे, आणि सरांनी सगळ्या वर्गाला सांगून ठेवलं होतं की हे त्याला कळू द्यायचं नाही. चाळीसजणांनी ते तीन वर्षं पाळलं.

मी सरांना काही बोललो नाही. मला बोलता आलंच नसतं.

शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. ट्रंक आणि वळकटी घेऊन मी इतवारीला निघालो, तर फाटकाशी सर सायकल धरून उभे. ट्रंक त्यांनी मागे बांधली आणि स्टेशनपर्यंत माझ्याबरोबर चालत आले. मावशीची गाडी येऊन गेली होती, माल उतरवून ती आमच्या बाकावर बसली होती. सरांना पाहून उठली, पदर सारखा केला. मी सांगितलं, हे माझे सर. आईनं त्या दिवशीही डबा पाठवला होता, तिच्या दोन भाकरींसकट. मावशीनं पान सोडलं, भाकरी मोडली, तीन वाटे केले आणि एक सरांपुढे धरला. सर बाकावर तिच्या शेजारी बसले आणि खायला लागले. ठेचा झोंबला, डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला.

मावशी बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "गुरुजी, माही गाडी रोज लेट होये. पोराची शाळा बुडाली का हो माह्यापायी?"

सरांनी हातातला घास खाली ठेवला. "एकही दिवस नाही," ते म्हणाले. "माझ्या रजिस्टरात आहे."