तादामी : दिवसाला तीन गाड्या

जपानमधल्या फुकुशिमा प्रांतातल्या तादामी स्टेशनातून आइझु-कावागुचीकडे दिवसाला तीनच गाड्या सुटतात. एक-दोन डब्यांची डिझेल गाडी, आणि ती चुकली की पुढचे कित्येक तास काही नाही. गावाची वस्ती जेमतेम चार हजारांच्या आसपास. तोक्योत नोकरी करताना रोज किती मोठमोठी स्टेशनं पालथी घालते मी, पण जीव जडला तो या स्टेशनावर.

जुलै 2011 च्या अतिवृष्टीत तादामी नदीला पूर आला, रेल्वेचे पूल वाहून गेले आणि कावागुची ते तादामी हा 27.6 किलोमीटरचा मार्ग बंद पडला. त्याआधी या पट्ट्यातली वाहतूक किती होती? दर किलोमीटरमागे दिवसाला सरासरी 49 प्रवासी! एवढ्यांसाठी रूळ कशाला, बस चालवू, असा विचार पुढे आला नसता तरच नवल. बस सुरूही झाली. पण गावं आणि फुकुशिमा प्रांत हटले नाहीत. शेवटी ठरलं, की रूळ-पूल प्रांताच्या मालकीचे, गाडी चालवणार जेआर ही रेल्वे कंपनी. सुमारे 900 कोटी येन खर्च करून 1 ऑक्टोबर 2022 ला गाडी पुन्हा धावली. अकरा वर्षांनी!

मी नेरळची. 2005 च्या पावसानं माथेरानची गाडी बंद पाडली ती 2007 पर्यंत. 2019 मध्ये पुन्हा घाटातला मार्ग खचला, आणि नेरळहून थेट माथेरानला गाडी गेली ती ऑक्टोबर 2022 मध्येच, तादामीच्याच महिन्यात. त्या महिन्यात मला दोनदा सणासारखं वाटलं.

तादामीच्या लोकांचा हक्क मला तर साधासरळ वाटतो. कावागुचीपासून पुढचा रूळ मुळात टाकला तो तागोकुरा धरणाचं सामान वाहायला. प्रवाशांसाठी तो खुला झाला 1963 मध्ये. त्या पाण्यावरची वीज तोक्योकडेही गेली. ज्यांच्या दरीत पाणी अडवलं, त्यांच्या गाडीचा हिशेब फक्त तिकीटविक्रीवर मांडायचा? शिवाय तादामीहून शेजारच्या निइगाता प्रांताकडे जाणारा डोंगरातला रस्ता हिवाळाभर बर्फामुळे बंद असतो. तेव्हा पलीकडे जायला गाडीच. 1971 मध्ये खुला झालेला सहा किलोमीटरहून लांब रेल्वे बोगदा त्यासाठीच मोलाचा.

आइझु-वाकामात्सुहून तादामीला पोचायला तीनेक तास लागतात. गाडी नदी ओलांडत, पुन्हा ओलांडत जाते आणि शेतातली माणसं काम थांबवून हात हलवतात. आपणही हलवायचा. बर्फाच्या दिवसांत गाड्या रद्द होतात, म्हणून आदल्या दिवशी बघून निघा, आणि डबा सोबत ठेवा. वाटेतल्या मिशिमा गावाजवळच्या तादामी नदीवरच्या पहिल्या पुलाचा फोटो काढायला पुष्कळ जण मोटारीनं येतात आणि तसेच परत जातात. फोटो काढा, पण तिकीट काढून गाडीतही बसा.